मेनफ्रेमवर टीपीएक्स: ११ महिने रोज वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये आमच्या प्रोजेक्टवर टीपीएक्स (एकाच स्क्रीनवरून मेनफ्रेमच्या अनेक सिस्टिममध्ये ये-जा करू देणारा सेशन मॅनेजर) आलं तेव्हा मला वाटलं अजून एक लॉगऑन स्क्रीन वाढली, बाकी काय. आता मे संपत आलाय, रोजचे नऊ-दहा तास त्यातच जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागात किती तरी लोक परदेशातल्या बँका आणि इन्शुरन्स कंपन्यांचं मेनफ्रेम, म्हणजे त्यांचा मोठा मध्यवर्ती कॉम्प्युटर, सांभाळतात पण मराठीत यावर लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, जॉइन झाले तेव्हा शोधलं होतं.

आधी माझं काम सांगते, कारण काम वेगळं असेल तर तुमचा अनुभवही वेगळा असणार. मी प्रॉडक्शन सपोर्टला आहे, क्लायंट अमेरिकेतला, इन्शुरन्सवाला. त्यांची रात्रीची बॅच (आपोआप चालणाऱ्या जॉबची रांग) म्हणजे आपली सकाळ, उन्हाळ्यात त्यांचे रात्रीचे ९ म्हणजे आपले सकाळचे साडेसहा. एका वेळी मला लागतं काय तर दोन एलपारवर (मेनफ्रेमचे स्वतंत्र भाग) टीएसओ (जिथे फाइली, प्रोग्रॅम आणि जॉब बघतात), सीआयसीएसच्या (जिथे यूझरच्या ऑनलाइन स्क्रीन चालतात) तीन रिजन (टेस्ट, क्यूए आणि प्रॉड म्हणजे खरं चालू काम), एक आयएमएस (तशीच दुसरी सिस्टिम) आणि जॉब शेड्यूलरची स्क्रीन. म्हणजे सात सेशन. आधी मी एम्युलेटरच्या सात खिडक्या उघडून बसायचे, ए पासून जी पर्यंत, आणि सकाळी पहिली वीस मिनिटं नुसते पासवर्ड टाकण्यात जायची.

ज्यांनी सेशन मॅनेजर पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. ३२७० टर्मिनल, म्हणजे मेनफ्रेमला जोडलेली स्क्रीन आणि कीबोर्ड, आयबीएमने १९७१ मध्ये आणलं आणि आज आपण लॅपटॉपवर जो एम्युलेटर वापरतो तो त्याचीच नक्कल करतो, नियम तेच. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम असा की तुम्ही स्क्रीनवर जे टाइप करताय ते मेनफ्रेमला कळतच नाही, ते तुमच्याच टर्मिनलमध्ये पडून असतं, एंटर किंवा पीएफ की (एफ१, एफ२ अशा फंक्शन की) दाबली की मग सगळं एकदम जातं. (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) दुसरा नियम, टर्मिनल म्हणजे व्हीटॅमच्या (मेनफ्रेमवर टर्मिनल आणि ॲप्लिकेशन जोडणारं सॉफ्टवेअर) लेखी एक एलयू (जोडणीचं एक टोक), आणि त्या एलयूचं एका वेळी एकाच ॲप्लिकेशनशी सेशन. आमच्या टीममधले सगळ्यात सीनिअर, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते नव्वदच्या दशकात ऑनसाइट होते, ते सांगतात की टेबलावर एकच हिरवी स्क्रीन असायची, सीआयसीएस बघायचं तर टीएसओतून लॉगऑफ करा, परत जॉबचं आउटपुट बघायचं तर सीआयसीएस सोडा आणि पुन्हा टीएसओ. त्यांच्या साइटवर सेशन मॅनेजर आला तेव्हा एका बटणावर दोन्हीकडे जाता यायला लागलं. "पोरी, आम्हाला तर दोन टेबलं मिळाल्यासारखं झालं होतं."

सेशन मॅनेजर करतो काय, तर मध्ये बसतो. तुमच्या टर्मिनलला तो ॲप्लिकेशन वाटतो आणि पलीकडच्या ॲप्लिकेशनला तो टर्मिनल वाटतो. व्हीटॅममध्ये त्याच्यासाठी व्हर्च्युअल टर्मिनलांचा एक पूल डिफाइन करून ठेवलेला असतो, तुम्ही मेन्यूवरून सीआयसीएस निवडलं की त्यातलं एक टर्मिनल घेऊन तो तुमच्या वतीने तिकडे लॉगऑन करतो, टीएसओ निवडलं की दुसरं घेतो. तुमच्या लॅपटॉपपासून मेनफ्रेमपर्यंत कनेक्शन मात्र एकच.

टीपीएक्स या प्रकारातलं जुनं नाव. ड्यूकेन सिस्टिम्सचं प्रॉडक्ट, मग १९८९ मध्ये ड्यूकेन आणि मोरिनो एकत्र होऊन लेजंट झाली, १९९५ मध्ये लेजंट सीएने (कॉम्प्युटर असोसिएट्सने) घेतली आणि २०१८ मध्ये सीए ब्रॉडकॉमने. याच पंगतीतलं दुसरं म्हणजे कँडलचं सुपरसेशन, ते २००४ मध्ये कँडलबरोबर आयबीएमकडे गेलं. मी फक्त टीपीएक्सच वापरलंय, त्यामुळे तुलना करणार नाही, पण सुपरसेशनवर काम केलेल्या मैत्रिणीशी बोलले तेव्हा दुखणी बरीचशी सारखीच निघाली.

आता मला हे का आवडलं ते सांगते, आणि त्यासाठी जुलैतली एक सकाळ सांगावी लागेल.

सिंहगड रोडला घरून काम करत होते, पाऊस आदल्या रात्रीपासून. साधारण साडेसातला एक मोठा जॉब एसबी३७ ने पडला, जागा संपली. शेवटच्या दिवसाचं मंथ-एंड, मागे बरंच काही अडकलेलं. मी जेसीएल (जॉबच्या सूचनांची फाइल) उघडून चौदा डीडींचं (त्यातल्या फाइली सांगणाऱ्या ओळी) स्पेस वाढवत होते, आयएसपीएफ (टीएसओतले मेन्यू आणि एडिटर) एडिटमध्ये, सेव्ह केलं नव्हतं, आणि दिवे गेले. इन्व्हर्टरमुळे राउटर चालू होता पण इंटरनेट गेलं, व्हीपीएन गेलं, एम्युलेटरची स्क्रीन काळी. पूर्वी असं झालं की सातच्या सात सेशन जायची, परत आल्यावर टीएसओ म्हणायचं तुमचा आयडी आधीच लॉगऑन आहे, ते आयकेजे५६४२५आय चं मेसेज ज्याने पाहिलंय त्याला माहीत आहे पोटात कसा गोळा येतो, मग रीकनेक्टसमोर एस टाकून प्रार्थना करायची. सीआयसीएसचं तर सगळं पहिल्यापासून.

त्या दिवशी मोबाईलचा हॉटस्पॉट लावला, व्हीपीएन जोडलं, टीपीएक्सला लॉगऑन केलं. त्याने सांगितलं की तुम्ही अमुक टर्मिनलवर आधीच साइन-ऑन आहात, इकडे घ्यायचं का. हो म्हटलं. मेन्यू आला आणि सातही सेशनसमोर ॲक्टिव्ह. टीएसओ निवडलं तर तेच जेसीएल, तीच ओळ. दहा-बारा मिनिटं मी नव्हते हे पलीकडे टीएसओला कळलंसुद्धा नव्हतं, कारण त्याच्या दृष्टीने टर्मिनल म्हणजे टीपीएक्स आणि टीपीएक्स तर तिथेच, त्याच मशीनवर. मला खरंच भरून आलं होतं त्या क्षणी, घरात अंधार, बाहेर धो धो पाऊस आणि स्क्रीनवर माझं काम जसंच्या तसं.

अगदी जसंच्या तसं मात्र नाही. शेवटच्या एंटरनंतर टाइप केलेल्या चार ओळी गेल्या होत्या. वर म्हटलं ना, एंटर दाबेपर्यंत टाइप केलेलं तुमच्याच टर्मिनलमध्ये असतं, ते टीपीएक्सपर्यंत पोचलंच नव्हतं तर ते वाचवणार कसं. तेव्हापासून पावसाळ्यात मी दर दोन-तीन ओळींनी एंटर मारते. आणि एडिटमध्ये रिकव्हरी ऑन ठेवते, ती सवय तर सगळ्यांनीच लावा, सेशन मॅनेजर असो नसो.

यात एक गोष्ट साइटवर अवलंबून आहे. लाईन तुटल्यावर सेशन ठेवायची की मारायची, दुसऱ्या टर्मिनलवरून ताबा घेऊ द्यायचा की नाही, हे सिसप्रॉग (मेनफ्रेमचं सिस्टिम सॉफ्टवेअर सांभाळणारे) ठरवतात. आमच्याकडे ठेवतात. दुसऱ्या एका प्रोजेक्टवर माझा कॉलेजचा मित्र आहे, त्यांच्याकडे लाईन तुटली की टीएन३२७० सर्व्हरला (एम्युलेटर ज्याला जोडतो तो) ती तुटल्याचं कळेपर्यंत, म्हणजे टाइममार्कची (लाईन जिवंत आहे का ते तपासायची) वेळ होईपर्यंत, नवीन साइन-ऑन नाकारतं, मग हा बसतो वाट बघत. प्रॉडक्ट तेच, सेटिंग वेगळं. त्यामुळे कोणी मला विचारलं टीपीएक्स चांगलं का, तर मी आधी विचारते तुमच्या साइटने ते कसं लावलंय.

आता पासवर्ड. आमच्याकडे सकाळी एकदा आयडी, पासवर्ड आणि मोबाईलवरचा एमएफए कोड द्यायचा, संपलं. पुढच्या सगळ्या सेशनला टीपीएक्स स्वतः पासटिकेट काढून देतं. पासटिकेट म्हणजे एकदाच चालणारा, दहाएक मिनिटांत शिळा होणारा पासवर्ड, रॅकफ (मेनफ्रेमचं सिक्युरिटी सॉफ्टवेअर) तो तपासतं, त्यामुळे माझा खरा पासवर्ड कुठल्याही स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवावा लागत नाही. आधी आमच्यातल्या काही जणांनी एम्युलेटरच्या मॅक्रोमध्ये पासवर्ड घालून ठेवले होते, ते मला कधीच पटलं नव्हतं, हे सगळं एका झटक्यात बंद झालं. माझ्या टीएसओ सेशनला एक स्टार्टअप स्क्रिप्टही लावून घेतलीय, सेशन उघडलं की सरळ एसडीएसएफच्या (जॉब आणि त्यांचं आउटपुट बघायची जागा) स्टेटस पॅनेलवर जाऊन थांबतं. ती वाचलेली वीस मिनिटं मी चहा पिण्यात घालवते हे सांगायला हरकत नाही.

कीजबद्दल जास्त लिहिणार आहे कारण पहिले दोन महिने माझा त्रास सगळा त्यातच होता.

सेशन बदलायला, मेन्यूवर यायला आणि टीपीएक्सला कमांड द्यायला काही की राखून ठेवाव्या लागतात. त्या की टीपीएक्स मध्येच पकडतं, पलीकडच्या ॲप्लिकेशनला मिळतच नाहीत. आमच्या साइटवर सुरुवातीला कमांडसाठी पीए१ (३२७० वरची आणखी एक खास की) ठेवली होती. कोणीतरी विचार केला असेल की पीए१ रोज कोण वापरतं. आता मी ऑगस्टमध्ये एक रेक्स (स्क्रिप्ट) लिहीत होते, लूपमध्ये काउंटर वाढवायचाच राहिला, चालवलं आणि ते फिरतच राहिलं. अशा वेळी पीए१ दाबायची म्हणजे अटेन्शन जातं आणि मग एचआय टाइप केलं की रेक्स थांबतं, पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. मी पीए१ दाबतेय आणि प्रत्येक वेळी टीपीएक्स मला विचारतंय काय कमांड देऊ. रेक्स आपलं चालूच, सीपीयू खातंय. शेवटी ऑपरेशन्सला फोन करून माझा टीएसओ आयडी कॅन्सल करायला लावला. टिकीट रेझ केलं, आठवड्याभरात कमांड की पीए१ वरून काढून वर हलवली.

आता आमच्याकडे जंप (एका सेशनमधून दुसऱ्यात जायची की) पीएफ२४ वर, मेन्यू पीएफ२३ वर आणि कमांड पीएफ२२ वर आहे, म्हणजे शिफ्ट धरून एफ१२, एफ११, एफ१०. आयएसपीएफमध्ये डिफॉल्टला १३ ते २४ या की १ ते १२ सारखंच काम करतात त्यामुळे टीएसओत कोणाचं काही अडलं नाही. काकांनी आणखी एक कारण सांगितलं ते मला फार आवडलं. पीएफ की दाबली की स्क्रीनवर बदललेली सगळी फील्ड तिच्याबरोबर जातात, पण पीए की आणि क्लिअर की यांच्याबरोबर फक्त की कुठली दाबली एवढंच जातं, डेटा जात नाही. म्हणून जंप पीए वर ठेवली तर अर्धवट भरलेली स्क्रीन सांभाळायला सेशन मॅनेजरला ती वेगळी वाचून घ्यावी लागते. पन्नास वर्षांपूर्वीचं डिझाइन आणि आज माझ्या लॅपटॉपवर कुठलं बटण कुठे ठेवायचं ते त्यावरून ठरतंय, मला हे शिकताना खूप मजा आली.

स्क्रीनच्या साइझचा घोळ सगळीकडे होतो असं ऐकलंय. माझा एम्युलेटर मॉडेल ४ वर, म्हणजे ४३ ओळी आणि ८० कॉलम. टीपीएक्समधून टीएसओत गेले तर २४ च ओळी, खाली अर्धी स्क्रीन रिकामी. कारण पूलमधल्या व्हर्च्युअल टर्मिनलला लॉगमोड (टर्मिनल कसं आहे ते सांगणारं सेटिंग) मॉडेल २ चा, म्हणजे २४ ओळींचा, दिलेला, टीएसओला वाटणार समोर छोटीच स्क्रीन आहे. ते सिसप्रॉगनी बदलून दिलं. जॉबचं आउटपुट वाचायला मॉडेल ५ सोयीचं, २७ ओळी पण १३२ कॉलम, रिपोर्ट उजवीकडे सरकवावा लागत नाही. पण एम्युलेटर एका वेळी एकच मॉडेल घेऊन साइन-ऑन होतो त्यामुळे मला दिवसभरासाठी एक काहीतरी ठरवावं लागतं. मी मॉडेल ४ वर राहिले, कोड वाचताना ओळी जास्त लागतात.

टाइमआउट. यावर आमच्या टीममध्ये सगळ्यात जास्त वैताग होता कारण तीन वेगवेगळी घड्याळं चालू असतात आणि नव्या माणसाला एकच वाटतं. टीपीएक्सचं स्वतःचं एक, हात लावला नाही तर काही वेळाने स्क्रीन लॉक करतं, पासवर्ड दिला की पुन्हा उघडतं. टीएसओचं दुसरं, ते संपलं की एस५२२ अबेंड (काम मध्येच बंद पडल्याचा कोड) येऊन सेशनच मरतं. आणि सीआयसीएसचं तिसरं, ते प्रत्येक यूझरच्या रॅकफ सेगमेंटमधून येतं. लोक टीपीएक्सचं लॉक उघडून आत जातात आणि टीएसओ मेलेलं दिसतं की टीपीएक्सला शिव्या देतात. त्याचा काही संबंध नसतो, लाईन तुटली तर ते तुमचं सेशन सांभाळेल पण टीएसओनेच ठरवलं की हा माणूस फार वेळ झोपलाय तर ते काय करणार. आमच्याकडे नंतर टीएसओची वेळ टीपीएक्सच्या लॉकपेक्षा जास्त करून घेतली, तेव्हापासून शांतता आहे.

आता जे मला अजूनही खटकतं, आणि माझ्या मते हा सेशन मॅनेजर वापरण्यातला सगळ्यात मोठा धोका आहे.

सात खिडक्या होत्या तेव्हा प्रॉडच्या खिडकीला मी लाल बॅकग्राउंड दिला होता. डोळ्यांना त्रास व्हायचा पण हात आपोआप जपून चालायचा. टीपीएक्समध्ये खिडकी एकच आणि रंग ठरवतो एम्युलेटर, त्याला बिचाऱ्याला माहीतच नाही की आत्ता आत टेस्ट आहे की प्रॉड. जंप जंप करत फिरताना सीआयसीएसची टेस्ट आणि प्रॉड अगदी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. ऑक्टोबरमध्ये टेस्टमधली एक फाइल बंद करायची होती, सीईएमटीची (सीआयसीएस सांभाळायची) कमांड टाइप केली, एंटरवर बोट गेलं आणि नजर उजवीकडे खाली गेली जिथे ॲप्लआयडी (ॲप्लिकेशनचं नाव) दिसतो. प्रॉडचा होता. तिकडे तेव्हा भर दुपार, क्लायंटची सगळी ऑफिसं चालू. ती फाइल बंद झाली असती तर क्लेमची स्क्रीन सगळ्यांची अडली असती. मी कीबोर्डपासून हात काढून पाच मिनिटं नुसती बसले होते.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. मेन्यूवर सेशनचा क्रम बदलून घेतला, टेस्ट आणि प्रॉड शेजारी शेजारी नकोत, जंप करताना एकातून चुकून दुसऱ्यात जाता कामा नये. आणि प्रॉडचं सीआयसीएस टीपीएक्समधून काढूनच टाकलं. त्यासाठी वेगळी एम्युलेटर खिडकी, लाल रंगाची, व्हीटॅमच्या पहिल्या स्क्रीनवरून लॉगऑन ॲप्लआयडी देऊन सरळ जाते. पासवर्ड वेगळा द्यावा लागतो, लाईन गेली तर ते सेशन जातं, चालेल. प्रॉडमध्ये मला सोय नकोय. टीममधल्या चौघांनी आता तसंच केलंय.

या सरळ रस्त्याचा आणखी एक उपयोग जानेवारीत झाला. आठवड्याच्या शेवटी मेंटेनन्स होता आणि सोमवारी टीपीएक्स वेळेवर वर आलं नाही, टीएसओ आणि सीआयसीएस मात्र मस्त चालू. दोन नवीन मुलं पाऊण तास बसून होती कारण त्यांना मेनफ्रेम म्हणजे टीपीएक्सचा मेन्यू एवढंच माहीत, त्याच्या मागे व्हीटॅम आहे आणि तिथून थेट जाता येतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. चूक त्यांची नाही, शिकवणाऱ्यांची, म्हणजे त्यात मीही आले. सगळी सेशन एका दारातून नेली की ते दार बंद झालं तर सगळेच बाहेर, एवढं धरून चालायचं. आता नवीन कोणी आलं की पहिल्या दिवशी मी टीपीएक्सच्या आधी थेट लॉगऑन करून दाखवते.

नवीन मुलांवरून आठवलं, दुसऱ्याची स्क्रीन बघण्याची सोय. नागपूरहून काम करणारी एक ज्युनिअर आहे, तिला आयपीसीएसमध्ये डंप (प्रोग्रॅम पडला त्या वेळची मेमरीची नोंद) वाचायला शिकवत होते, तिचं सेशन मी माझ्या टर्मिनलवर जसंच्या तसं बघू शकत होते, व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर केली की अक्षरं धूसर होतात तसं काही नाही. आमच्याकडे समोरच्याने परवानगी दिल्याशिवाय बघता येत नाही असं लावलंय आणि ते तसंच हवं, पॉलिसीवाल्यांची खाजगी माहिती असते स्क्रीनवर.

बारीकसारीक. आयएनडी डॉलर फाइलने फाइल ट्रान्सफर चालू असताना दुसऱ्या सेशनवर जाऊ नका, माझं दोनदा अर्धवट राहिलं, आता मोठी फाइल असेल तर मी एफटीपीच वापरते. स्पीडचं म्हणाल तर मला फरक जाणवला नाही, उलट हॉटस्पॉटवर जरा बरंच चाललं, स्क्रीनचा बदललेला तेवढाच भाग पाठवायची सोय यात आहे, जुन्या काळी संथ लाईनींसाठी केलेली, ती पुण्याच्या पावसात माझ्या कामाला आली. आणि कोणी म्हणेल आयएसपीएफमध्ये स्प्लिट (एका स्क्रीनचे दोन भाग) आहेच की, पीएफ२ आणि पीएफ९, मग हे कशाला. ते स्प्लिट एकाच टीएसओच्या आतलं. दुसरा एलपार, सीआयसीएस, आयएमएस त्यात येत नाहीत. फक्त एका टीएसओवर डेव्हलपमेंट करणाऱ्याला टीपीएक्सची खरंच गरज नाही, त्याला स्प्लिट पुरतं.

परवा हवामान खात्याचा अंदाज आला मान्सूनचा. मी आपली सिसप्रॉगना मेल टाकून खात्री करून घेतली की लाईन तुटल्यावर सेशन ठेवायचं सेटिंग मार्चच्या अपग्रेडनंतरही तसंच आहे ना. आहे म्हणाले. तरी शनिवारी बॅच नसताना मी मुद्दाम राउटरची वायर काढून बघितली. मोबाईलवरून परत आले तेव्हा सहाही सेशन जागेवर होती.